झिब्स्कोच्या तीन कुस्त्या

गामा पैलवान कोण, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. वस्ताद सांगायचे, गामानं लंडनला जाऊन झिब्स्कोला लोळवलं. पण हा झिब्स्को कुठला, पुढं त्याचं काय झालं, हे तालमीत कधी निघालं नाही. ते मला साठी उलटल्यावर मोबाईलवर कळलं.

उसाला लाईट रात्रीची. दारं धरत बांधावर जागायचं, म्हणून पुतण्यानं पॉडकास्ट लावून दिले. रेडिओसारखंच, फक्त कळलं नाही तर मागं घेता येतं. माझं इंग्रजी दहावीचं, त्यामुळं अमेरिकेतल्या धंदेवाईक कुस्तीचा एकेक भाग मी दोन-तीनदा ऐकतो.

झिब्स्को पोलंडचा. १० सप्टेंबर १९१० ला लंडनात गामाशी त्याची कुस्ती अडीच तासांवर चालली. गामा वर, आणि हा गडी पालथा पडून घोरपडीगत गादीला चिकटलेला. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा ठरली, तर हा आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला. वस्ताद सांगायचे ते लोळवणं झालं १९२८ ला, पतियाळ्यात. त्याला मिनिटसुद्धा लागलं नाही.

या दोन कुस्त्यांच्या मधली तिसरी मात्र आपल्याकडं कुणाला ठाऊक नाही.

अमेरिकेत खरी कुस्ती फार लांबायची. १९१६ ला ओमाहात जो स्टेकर आणि एड लुईस जवळपास पाच तास भिडले, निकाल नाही. तिकीट काढून आलेलं पब्लिक किती वेळ बसणार? निकाल आधी ठरवण्याची खोड तिकडं जुनीच होती. १९२० नंतर लुईस, त्याचा मॅनेजर बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी त्याचा पक्का धंदा केला. वेळ बांधली, डाव उठावदार केले. आपण जिला नुरा कुस्ती म्हणतो, तीच ही.

जानेवारी १९२५ मध्ये लुईसनं ठरवून वेन मनकडं पट्टा जाऊ दिला. मन फुटबॉलचा दांडगा गडी, पण कुस्तीत कच्चा. एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात त्याच्यासमोर झिब्स्को आणला, तो पडायचं ठरवूनच. पण झिब्स्को आतून दुसऱ्या पार्टीला मिळाला होता. पंचेचाळिशीच्या आसपासच्या त्या गड्यानं मनला भर मैदानात खरोखरच चीत केलं. पंच तरी काय करणार? दीड महिन्यानं त्यानं पट्टा स्टेकरला दिला. तेही ठरवूनच.

मला यातून एक गोष्ट पटली. नुरा लढणाऱ्याच्या अंगातही खरी कुस्ती पाहिजे. समोरचा कधी उलटेल, सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट इतिहासाची. हे पैलवान आणि त्यांचे मॅनेजर गुपित जपून, थापा मारून पोट भरायचे. म्हणून तिकडचे सांगणारे त्यांच्या गोष्टी जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून बघतात. आपल्या जत्रेतल्या निकाली कुस्त्यांचं काय? कुठल्या साली, कोण कुणाशी, किती वेळ, सगळं म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि म्हातारी माणसं एकेक करून चालली आहेत.

म्हणून मी एक वही घातलीय. साल, गाव, जोड, निकाल. आणि शेवटच्या रकान्यात, ही कुस्ती सांगणाऱ्यानं डोळ्यांनी बघितली की नुसती ऐकली.