बालाघाटचा बैल आणि पोषणाची कोष्टके

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नपदार्थांच्या कोष्टकांत गोमांसाच्या नावापुढे जे आकडे दिलेले आहेत, ते असे : शंभर ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिने २२.६ ग्रॅम, मेद २.६ ग्रॅम आणि उष्मांक ११४. त्याच कोष्टकांत म्हशीच्या मांसात प्रथिने १९.४ आणि मेद एक ग्रॅमहूनही कमी, बोकडाच्या मांसात अनुक्रमे २१.४ आणि ३.६, तर मेंढीच्या मांसात १८.५ आणि १३.३ अशी नोंद आहे. आता पाश्चात्त्य भोजनात ज्याचा मोठा मान, त्या बरगडीच्या भाजलेल्या गोमांसाचे आकडे यांच्या शेजारी मांडले, तर तेथे शंभर ग्रॅमला पंचवीस ते तीस ग्रॅमपर्यंत मेद आढळतो. म्हणजे एकाच कुळातील दोन जनावरांच्या मांसात मेदाचे प्रमाण दहा पटींनी भिन्न निघते. हा भेद केवळ रसायनशास्त्राने उलगडत नाही. ते जनावर कोणत्या कारणासाठी पाळले गेले, किती वर्षे जुवाखाली राहिले, काय खाऊन जगले आणि अखेरीस कोणाच्या वाट्याला आले, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज त्या २.६ ग्रॅमांचा अर्थ लागत नाही. आणि ती उत्तरे शोधण्यास वैनगंगेकाठच्या बालाघाट जिल्ह्यासारखे दुसरे योग्य स्थळ माझ्या दृष्टीस पडत नाही.

मध्यप्रांताच्या दप्तरात या जिल्ह्याचे नाव १८६७ साली दाखल झाले. भंडारा, शिवनी आणि मंडला या तीन जिल्ह्यांचे भाग जोडून तो बनविण्यात आला, नागपूर विभागात त्याची गणना झाली, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याचा कारभार नागपूर या राजधानीशीच बांधलेला राहिला. घाटाखाली वैनगंगेचे खोरे, जेथे तलाव, बोड्या आणि बांध्या यांच्या आधारे पोवार शेतकऱ्यांनी धानाची रोवणी एखाद्या कलेच्या पदवीला नेऊन पोहोचविली. आणि घाटावर बैहरचे पठार, जेथे गोंड व बैगा यांची वस्ती आणि सालवृक्षांची दाट वने. जिल्ह्याच्या आरंभकाळात कर्नल ब्लूमफील्ड यांनी खालच्या खोऱ्यातील पोवारांना वर नेऊन वसविण्यास उत्तेजन दिले, आणि लछमन पोवार नावाच्या पुरुषाने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसविली. सरकारच्या दृष्टीने हा महसूलवाढीचा व्यवहार होता. परंतु जमिनीच्या दृष्टीने पाहता तो नांगराचा आणि नांगराबरोबर बैलाचा घाटावर झालेला प्रवेश होता. बैगांची बेवर शेती कुऱ्हाड आणि अग्नी यांवर चालत असे. झाडे तोडून, जाळून, त्या राखेत बी फेकणाऱ्या त्या लोकांना नांगराने भूमातेचे उदर फाडणे पाप वाटे, आणि त्यामुळे बैलावाचून त्यांचे काही अडत नसे. पोवार मात्र बैलाशिवाय एक पाऊलही टाकू शकत नव्हता.

तो बैल कोणता, हे येथे महत्त्वाचे आहे. वर्धा, नागपूर, छिंदवाडा आणि बालाघाट या पट्ट्यात जी जात आढळते ती गवळाऊ : पांढऱ्या वा राखी रंगाची, अरुंद बांध्याची, लांब पायांची, चालीला अतिशय चपळ. मराठ्यांच्या फौजांना सामानाची जलद ने-आण करणारी जनावरे हवी असत, आणि या जातीची जोपासना त्याच गरजेतून झाली असे मानले जाते. पुढे रेंगीला, म्हणजे हलक्या गाडीला, जुंपावयाच्या जोडीसाठी विदर्भातील हौशी मालगुजार याच जातीची निवड करीत. अशा जनावराच्या अंगी मेद साठत नाही. ब्रिटनमध्ये अठराव्या शतकापासून हेरफर्ड, अ‍ॅबर्डीन अँगस यांसारख्या जाती जाणूनबुजून मांसासाठी घडविल्या गेल्या, त्यांना मुबलक चारा देऊन तरुणपणीच कत्तलखान्यात पाठविण्यात येई, आणि स्नायूंच्या तंतूंमध्ये पसरलेला मेद हेच त्यांच्या गुणवत्तेचे लक्षण ठरले. आमच्या बैलाला मात्र कडबा, धानाचे तणीस आणि उन्हाळ्यात रानातील वाळलेले गवत एवढाच आहार. दहा-बारा वर्षे चिखलणी, नांगरट आणि गाडी ही त्याची कामे. आणि त्यानंतर त्याच्या देहात जे उरे, ते कठीण तंतूंचे, मेदहीन मांस. कोष्टकातील २.६ हा आकडा माझ्या मते त्या श्रमाची नोंद आहे. तो वाचताना मला पोषणशास्त्राइतकाच कृषीचा इतिहासही दिसतो.

या मांसाचा ‘रोस्ट’ करण्याची पद्धत या प्रदेशात आली ती कामठीच्या छावणीमुळे. १८२१ साली नागपूरजवळ वसविलेल्या या छावणीतील गोऱ्या शिपायाला दररोज एक पौंड मांस, तेही हाडासकट, मिळत असे, आणि कमिसरियट खात्याकडे त्याच्या पुरवठ्याची व्यवस्था असे. दौऱ्यावर निघालेल्या साहेबाचा खानसामा चूल नसलेल्या मुक्कामावरही देगचीत मांसाचा तुकडा ठेवून, झाकणावर निखारे रचून, वरून आणि खालून आंच देऊन रोस्ट तयार करी. कोणता तुकडा घ्यावा, यावर मात्र सारे अवलंबून असे. मागील मांडीचा तुकडा सर्वांत निर्मेद. पाश्चात्त्य जनावरातही त्याचा मेद, वरची चरबी काढून टाकल्यावर, भाजल्यानंतर शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमच्या आसपासच राहतो आणि प्रथिने २८-२९ ग्रॅमपर्यंत जातात. येथे वाचकाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी की भाजण्याने प्रथिने वाढत नाहीत. पाणी उडून वजन सुमारे चतुर्थांशाने घटते आणि तेवढेच द्रव्य कमी वजनात सामावते. खांद्याच्या आणि नळीच्या मांसात संयोजक तंतू अधिक असल्याने त्याला मंद आंच व दीर्घ काळ लागतो, आणि त्या तंतूंचे सरसात (जिलेटिनमध्ये) रूपांतर झाल्यावरच ते मऊ पडते. बरगडीचा तुकडा मेदाने समृद्ध. परंतु देशी बैलाच्या बरगडीत तो मेद असणार कोठून? म्हणूनच या देशात राहिलेल्या इंग्रजांनी देशी बैलाचा एक वेगळाच भाग शोधून काढला, जो त्यांच्या मायदेशातील कोणत्याही जनावराला नव्हता : वशिंड. मेद आणि स्नायू यांचे मिश्रण असलेले वशिंड मिठात मुरवून उकडणे ही मुंबई-मद्रासच्या इंग्रज घरांतील मानाची चीज झाली. जनावराने कितीही कष्ट उपसले तरी त्याच्या शरीराने मेदाचा थोडा संचय जेथे राखून ठेवला होता, तेथेच सुरी जाऊन पोहोचली.

मांसातील पोषण नेमके कशात आहे, याविषयी त्या काळातील समजुती आज विचित्र वाटतात, पण त्यांचे परिणाम दूरवर गेले. जर्मन रसायनज्ञ लीबिग याने १८४७ साली असे मत मांडले की मांस प्रथम तीव्र आंचेवर शेकले असता त्याचा पृष्ठभाग बंद होऊन रस आत राहतो. हे मत पुढे प्रयोगांती खोटे ठरले, तरी स्वयंपाकघरांतून ते आजही गेलेले नाही. फ्रान्समध्ये त्यापूर्वीच, १८४१ साली, शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजांदी याच्या अध्यक्षतेखालील समितीने सरसावर पोसलेली कुत्री जगत नाहीत हे दाखवून दिले होते. त्याचे कारण आज ज्ञात आहे : सरसात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते. सबब नळीच्या मांसाचा दाट रस्सा कितीही पौष्टिक भासला तरी त्यातील प्रथिनांचा मोठा वाटा मांडीच्या मांसाइतका उपयोगी नव्हे, हे तुकड्यांची तुलना करताना विसरून चालत नाही.

परंतु साहेबाच्या टेबलावरील रोस्ट हा या इतिहासाचा लहानसा भाग आहे. बालाघाटच्या गावांत गोवंशाचे मांस ज्यांच्या वाट्याला येई, त्यांनी तुकड्यांची निवड कधीच केली नाही. बुळकांडीची साथ आली, किंवा १८९६-९७ आणि १८९९-१९०० सारखा दुष्काळ आला, की जनावरे मरत आणि त्यांचे मृतदेह ओढून नेण्याचे काम गावगाड्याने महारांच्या माथी मारलेले असे. नागपूर प्रांतातील महार जाडेभरडे कापड विणत, कोतवालकी करीत, आणि त्याच्या जोडीला हे मृत मांस त्यांच्या ‘हक्का’त मोजले जाई. खायला काही उरले नाही अशा घरात जे मिळाले त्यातून मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवण्याची युक्ती निर्माण झाली. मराठवाड्यात अशा पट्ट्यांना चान्या म्हणतात. वाळविल्याने पाणी जाते आणि प्रथिनांचे प्रमाण प्रचंड वाढते. १९७१ च्या कोष्टकांत वाळवून चूर्ण केलेल्या गोमांसाची प्रथिने ७९.२ ग्रॅम नोंदलेली आहेत. म्हणजे संपूर्ण कोष्टकातील एक अत्यंत पौष्टिक पदार्थ समाजातील सर्वांत अपमानित घटकाच्या छपरावर वाळत होता. परंतु रोगाने मेलेल्या जनावराचे मांस हे पोषणाबरोबर व्याधी आणि त्याहून अधिक हीनत्वाचा शिक्का घेऊन येते, आणि म्हणून १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस सोडण्याचे जे आवाहन केले, ते प्रथिनांच्या हिशेबाने तोलणे अन्यायाचे होईल. स्वाभिमानासाठी माणसांनी आपल्या अन्नातील एक मोठा आधार स्वेच्छेने दूर सारला, आणि त्याच्या जागी दुसरे काही देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी ती पार पाडली नाही.

गोंडांमध्ये दोन प्रवाह दिसतात. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात राजगोंडांचे वर्णन आहे. जानवे धारण करणारे आणि शुद्धीच्या कल्पनेपायी सरपणाची लाकडेही धुऊन घेणारे हे लोक गोमांसापासून दूर राहिले, तर सामान्य गोंड आपल्या जुन्या रीतीने चालत राहिला. बैगांच्या पोषणाचा आधार शिकार, मासे आणि कंदमुळे हा होता. १८७८ च्या वनकायद्याने आणि पुढे राखीव जंगलांच्या हद्दींनी तो आधार टप्प्याटप्प्याने हिरावला गेला. आज ज्या कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की आणि सुपखार हे भाग बालाघाटात मोडतात, तेथील सांबर आणि चितळ एकेकाळी कोणाच्या तरी निखाऱ्यांवर भाजले जात होते, हे संरक्षणाच्या योग्य हेतूचा आदर राखूनही सांगितले पाहिजे.

मग खोऱ्यातील गरीब माणूस प्रथिने कोठून मिळवीत असे? धान कापणीस येण्यापूर्वीच ओल्या बांधीत उतेऱ्याने पेरलेल्या लाखोरीतून. कोष्टकात या डाळीपुढे प्रथिने २८.२ ग्रॅम लिहिलेली आहेत, आणि ती गोमांसाच्या आकड्याहून अधिक पाहून कित्येक जण हर्षभरित होतात. ही तुलना दिशाभूल करणारी आहे. डाळ कोरडी मोजलेली आहे, मांस ओले. त्या मांसात जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी आहे, आणि डाळ शिजून तिच्यात पाणी मिसळले की तिचा आकडा तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. शिवाय डाळीत मेथिओनिनची उणीव असते, ब१२ जीवनसत्त्व कोणत्याही डाळीत नसते, आणि मांसातील लोह शरीर ज्या सहजतेने शोषते त्या सहजतेने डाळीतले शोषत नाही. लाखोरीच्या बाबतीत आणखी एक संकट : दुष्काळात तिच्यावरच दीर्घकाळ जगलेल्यांचे पाय लुळे पडतात, ज्याचे वर्णन इंग्रज अधिकारी स्लीमनने सागर प्रांतातील अनुभवावरून १८४४ च्या आपल्या ग्रंथात करून ठेवले आहे.

कुन्नूरच्या प्रयोगशाळेत पोषणसंशोधक मॅकॅरिसन यांनी उंदरांना निरनिराळ्या प्रांतांचे आहार देऊन पाहिले, तेव्हा गहू, दूध, भाज्या आणि अधूनमधून मांस असलेला शिखांचा आहार श्रेष्ठ ठरला आणि भातावर भिस्त असलेला आहार तळाला गेला. या निष्कर्षाचा प्रांतीय अभिमानासाठी उपयोग होऊ नये; त्यातून एवढेच घ्यावयाचे की भाताच्या ताटात प्राणिज अन्नाचा थोडासा अंशही मोठे काम करतो, आणि बालाघाट हा भाताचा जिल्हा आहे.

हाच मुद्दा पुढे सर्वोच्च न्यायालयासमोर आला. १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा पशुपरिरक्षण कायदा, बिहार आणि उत्तर प्रदेशच्या तशाच कायद्यांसह, मोहम्मद हनीफ कुरेशी यांच्या दाव्यात १९५८ साली तपासला गेला. गाय, वासरे आणि कामाची जनावरे यांच्यावरील पूर्ण बंदी न्यायालयाने मान्य केली. निरुपयोगी झालेल्या बैलांवरील पूर्ण बंदी मात्र अवाजवी ठरविली, आणि तसे करताना फळे, दूध वा तूप ज्यांना परवडत नाही अशा दरिद्री माणसाला गोमांसाचा वा म्हशीच्या मांसाचा एखादा तुकडाही नाकारला तर तो कुपोषणास बळी पडेल, अशी चिंता व्यक्त केली. पुढे २००४ साली मध्यप्रदेशाने गोवंशाच्या वधावर संपूर्ण बंदी घालणारा अधिनियम केला, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या खटल्यात निरुपयोगी बैलांविषयीची आपली जुनी भूमिका बदलली.

गोवंशरक्षणाची भावना या भूमीत खोल आहे आणि ज्या बैलाने दहा वर्षे बांधी चिखलली त्याच्याविषयीची कृतज्ञता मला परकी नाही. पण न्यायालयाने १९५८ साली ज्या दरिद्री माणसाची चिंता वाहिली, तो त्या भावनेमुळे नाहीसा झालेला नाही. त्याच्या ताटात प्रथिने पोहोचविण्याचे कर्तव्य बंदी घालणाऱ्या राज्यावर दुप्पट येऊन पडते. कोंबडीचे एक अंडे सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिने देते, ब१२ देते, आणि त्यासाठी कोणत्याही बैलाच्या मानेवर सुरी ठेवावी लागत नाही. अलीराजपूर, होशंगाबाद आणि बालाघाटला लागून असलेला मंडला या जिल्ह्यांतील अंगणवाड्यांत बालकांना अंडी देण्याचा प्रस्ताव २०१५ साली मध्यप्रदेश शासनापुढे आला होता. तो फेटाळण्यात आला.