जुने नकाशे, धातुशोधक यंत्र आणि बॉस्वर्थची रणभूमि

जमिनींत दडलेल्या धातूच्या वस्तूंचा माग जुन्या नकाशांवरून काढण्याची रीति गेल्या अर्धशतकांत इंग्लंडांत चांगलीच रूढ झाली आहे. मोडलेला बाजार, ओस पडलेलें गांव, बुजलेली वाट, नदीचा जुना उतार हीं ठिकाणें नकाशावर हेरावयाचीं आणि तेथें धातुशोधक यंत्र फिरवावयाचें, असा हा क्रम आहे. परंतु नकाशा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. बखरीप्रमाणें त्याचीही उलटतपासणी करावी लागते. ती कशी करावी व तींत सांपडलेल्या वस्तूची साक्ष केव्हां ग्राह्य धरावी, हें दाखविण्यास बॉस्वर्थच्या रणभूमीचें उदाहरण उत्तम आहे.

ता. 22 ऑगस्ट 1485 रोजीं लेस्टरशायर परगण्यांत इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड लढाईंत मारला गेला, आणि हेन्री ट्यूडर हा सातवा हेन्री या नांवानें गादीवर आला. लढाईची तिथि निश्चित, परिणामही निश्चित. स्थळ मात्र संशयित. विल्यम हटन यानें 1788 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अँबियन टेकडी हें रिचर्डच्या सैन्याचें ठिकाण मानलें. पुढील लेखकांनीं तेंच उचललें, आणि सरकारी मोजणीच्या नकाशांतही युद्धस्थळाची खूण त्याच परिसरांत पडली. 1974 सालीं प्रेक्षकांसाठीं माहितीगृहही तेथेंच उघडण्यांत आलें. एकाचें मत दुसऱ्यानें नकाशावर उतरविलें कीं तिसऱ्यास तो पुरावा वाटूं लागतो, हा अनुभव आपल्याकडील संशोधकांसही नवा नाहीं.

समकालीन व निकटकालीन कागद मात्र निराळें बोलत होते. लढाईच्या दुसऱ्याच दिवशीं यॉर्क शहराच्या दप्तरांत झालेल्या नोंदींत रणभूमीचें नांव रेडमोर असें आहे. 1511 सालच्या आठव्या हेन्रीच्या पत्रांत या रणभूमीस डॅडलिंग्टन गांवाचें नांव जोडलेलें असून, पडलेल्या वीरांचीं प्रेतें त्या गांवच्या प्रार्थनामंदिरीं पुरल्याचा उल्लेख आहे. पॉलिडोर व्हर्जिल या इतिहासकारानें दोन सैन्यांच्या मध्यें दलदल असल्याचें लिहून ठेवलें आहे. या आधारांवरून कॉलिन रिचमंड यांनीं 1985 सालीं हटनच्या मतावर आक्षेप घेतला, व पीटर फॉस यांनीं 1990 सालीं डॅडलिंग्टन व स्टोक गोल्डिंग यांच्या बाजूची सखल भूमि पुढें मांडली. 2002 सालीं मायकेल जोन्स यांनीं ॲदरस्टोन हें तिसरेंच स्थळ सुचविलें.

हा वाद केवळ तर्कानें मिटण्यासारखा नव्हता. 2005 सालीं ग्लेन फोर्ड यांच्या मार्गदर्शनाखालीं बॅटलफील्ड्स ट्रस्टनें नव्यानें पाहणी आरंभिली. त्यांनीं यंत्र आधीं उचललें नाहीं. आधीं पंधराव्या शतकांतील भूमीचें चित्र जुळविलें. अलीकडच्या नकाशापासून मागें मागें जात, कुंपणें घालून शेतांची वांटणी होण्यापूर्वींच्या मोकळ्या रानांपर्यंत ते पोंचले. शेतांच्या यादींतून शेतांचीं व कुरणांचीं जुनीं नांवें गोळा केलीं. आपल्याकडे काळी व पांढरी या शब्दांवरून पीक कोठें व वस्ती कोठें याचा बोध होतो, तसाच इंग्लंडांत 'फेन' या शब्दावरून दलदलीचा होतो. नांवांचा हा पुरावा मातीच्या परीक्षणाशीं ताडून पाहिला. तेव्हां अँबियनच्या पायथ्याची मानलेली दलदल लढाईच्या पुष्कळ पूर्वींच नाहींशी झालेली होती, असें ठरलें.

त्यानंतर निवडलेल्या क्षेत्रांत ठराविक अंतराच्या समांतर रेषांनीं धातुशोधक फिरविण्यांत आले. शिसें जमिनींत दीर्घकाळ टिकतें. नांगरानें तें थोडें हालतें, परंतु नष्ट होत नाहीं. कित्येक हंगाम हातीं महत्त्वाचें कांहींच लागलें नाहीं. अखेर 2009 सालीं पहिला शिशाचा गोळा सांपडला. पुढें ही संख्या तिसांहून अधिक झाली. पंधराव्या शतकांतील युरोपच्या इतर सर्व रणभूमींवर मिळून इतके गोळे मिळाले नव्हते. हें स्थळ अँबियन टेकडीच्या नैर्ऋत्येस सुमारें दोन मैलांवर, फेन लेन या जुन्या रोमन रस्त्याच्या आसपास आहे. जुन्या दलदलीच्या कडेला चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेली एक छोटी वराहमुद्रा मिळाली. वराह हें रिचर्डचें चिन्ह. तें त्याच्या निकटच्या मनुष्याच्या अंगावर असणें संभवनीय आहे.

याच राजाच्या थडग्याची कथाही नकाशाची मर्यादा सांगते. जॉन स्पीड यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं छापलेल्या लेस्टर शहराच्या नकाशांत दोन मठांची अदलाबदल झाली असून, त्यामुळें त्यानें थडगें भलत्याच जागीं शोधलें असावें, असें आतां मानतात. 2012 सालीं राजाच्या अस्थि खऱ्या मठाच्या जागेंत मिळाल्या.

येथें संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ती वराहमुद्रा कोणा हौशी माणसानें उचलून खिशांत घातली असती, तर आज ती एक सुंदर नग म्हणून पेटींत राहिली असती; रणभूमीचा निर्णय मात्र तिच्याबरोबर कायमचा हरवला असता. तिचें मोल चांदीचें नाहीं, स्थळाच्या नोंदीचें आहे. शिक्का व मिति नसलेल्या मोडी कागदाची जी किंमत, तीच ठिकाण नसलेल्या वस्तूची. आपल्याकडील 1878 च्या निखात निधीच्या कायद्यानेंही दहा रुपयांवरील निधि सांपडल्यास कलेक्टरास लेखी खबर देण्यास सांगितलें आहे, आणि तींत वस्तूचें वर्णन, सांपडल्याचें स्थळ व तारीख हीं द्यावयाचीं आहेत. संरक्षित स्थळीं परवान्याशिवाय खणणें हा तर अपराधच होय.

म्हणून जुना नकाशा हातीं आल्यास प्रथम त्याचा कर्ता कोण, त्यानें स्थळ स्वतः पाहिलें कीं दुसऱ्याचें उतरविलें, हें विचारावें. मग त्यावरील नांवें दप्तरांतील कागदांशीं मिळवावीं. आणि शेवटींच जमिनीस विचारावें, तेंही अधिकाऱ्यांच्या अनुमतीनें व प्रत्येक वस्तूचें ठिकाण टिपून. हा क्रम उलटा केल्यास वस्तु हातीं येतील, परंतु इतिहास हातचा जाईल.