कासाडी नदी आणि पनवेलचे पाणी

रायगड जिल्ह्यातील पनवेल हे जुने बंदराचे व बाजारपेठेचे गाव. येथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. या दोन वर्षांच्या मधल्या काळात, विशेषतः १९७० नंतर, तालुक्याचे रूप पालटले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तळोजे येथे औद्योगिक वसाहत उभारली. घोट, तोंडरे, पेंधर, नावडे, वळप या गावांच्या शिवारात रसायने, औषधे, रंग, धातू आणि मासळीप्रक्रिया यांचे कारखाने आले. दक्षिणेला पाताळगंगेच्या काठी रसायनी येथे त्याआधीच, १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना उभा राहिला होता. गावाचे नावच कारखान्यांवरून पडले, यावरून त्या उद्योगाचा पसारा ध्यानात यावा.

तळोजे वसाहतीतून कासाडी नदी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. तिच्या खालच्या अंगाला राहणारे आगरी व कोळी लोक पिढ्यान् पिढ्या बोईट, निवट्या, चिंबोऱ्या आणि कोळंबी यांवर जगत आले. नदीत काय सोडले जाते, हे प्रयोगशाळेच्या आधी त्यांच्या जाळ्याला कळले.

कारखान्यांचे सांडपाणी एकत्र करून शुद्ध करण्यासाठी वसाहतीत सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. त्याची क्षमता प्रतिदिन २ कोटी २५ लाख लिटर आहे. अशी केंद्रे मुख्यतः जिवाणूंच्या साहाय्याने चालतात. जिवाणू सेंद्रिय घाण खातात. पण सांडपाण्यात आम्ल, क्षार किंवा विषारी द्रव्ये ठरलेल्या मर्यादेपलीकडे आली की तेच मरतात आणि केंद्र केवळ पाणी पुढे ढकलणारे यंत्र होऊन बसते. म्हणून प्रत्येक कारखान्याने आपले सांडपाणी आपल्या आवारात प्राथमिक शुद्ध करूनच केंद्राकडे पाठवावे, असा नियम आहे. चार जणांनी तो पाळला आणि पाचव्याने मोडला, तरी परिणाम सर्वांच्या पाण्यावर होतो.

पाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्याचे एक माप म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी, अर्थात ‘बीओडी’. घाण कुजताना पाण्यातील किती प्राणवायू खर्च होतो, हे त्यावरून कळते. शुद्ध करून पिण्यास वापरायच्या नदीत हे प्रमाण लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. प्रक्रिया केंद्रातून नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३० आहे. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१६ मध्ये केलेल्या तपासणीत कासाडीच्या पाण्यात ते ८० आढळले. म्हणजे नदीचे पाणी सोडण्यायोग्य सांडपाण्याहूनही वाईट होते.

तरीही या नदीची देशभर चर्चा झाली ती आकड्यांमुळे नव्हे, कुत्र्यांमुळे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजे परिसरात निळ्या रंगाची भटकी कुत्री हिंडताना दिसली. प्राणिमित्रांनी त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. रंग बनविणाऱ्या एका कारखान्यातून तो रंग आल्याचे निष्पन्न झाल्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करण्याचा आदेश दिला. कोळ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार जे करू शकली नाही ते चार मुक्या प्राण्यांनी केले, असे म्हणावे लागते. पुढे २०१८ मध्ये हा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. लवादाने देखरेखीसाठी समिती नेमली आणि प्रक्रिया केंद्राला भरपाईपोटी कोट्यवधी रुपये जमा करण्यास सांगितले.

आता पिण्याच्या पाण्याविषयी. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पनवेलच्या नळाला कासाडीचे पाणी येत नाही. शहराचे स्वतःचे धरण देहरंग येथे आहे, परंतु ते लहान असल्याने उन्हाळ्यात पुरत नाही. उरलेली गरज महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून भागते. प्राधिकरण पाताळगंगेचे पाणी भोकरपाडा येथे शुद्ध करते. महामंडळाचे पाणी बारवी धरणातून उल्हास नदीमार्गे येते. या दोन्ही नद्यांच्या काठी कारखाने आहेत, त्यामुळे शुद्धीकरण केंद्राचे काम जड होते.

दुसरा धोका जमिनीखाली आहे. पाणी दिवसाचे काही तासच सोडले जाते. नळ बंद असताना जलवाहिनीतील दाब घटतो आणि जेथे फूट असेल तेथून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. गटाराशेजारून गेलेली जुनी वाहिनी असेल तर पहिल्या पाच मिनिटांचे पाणी भांड्यात न घेणेच बरे. विहिरी व कूपनलिका यांची चिंता याहून वेगळी. झिरपलेली रसायने त्यांत वर्षानुवर्षे राहतात. येथे गृहिणींसाठी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे: पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार व जड धातू जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण किंचित वाढते. रंग किंवा वास असलेल्या विहिरीचे पाणी उकळून पिण्यापेक्षा ते तपासून घ्यावे.

हवेचे म्हणाल तर हिवाळ्यातील पहाट सर्वांत वाईट. थंड, जड हवेचा थर जमिनीलगत साचतो, त्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि रात्री सोडलेला धूर वर न जाता वस्तीत पसरतो. दुर्दैवाने हीच वेळ वृद्धांच्या फिरण्याची आणि मुलांच्या शाळेची. जानेवारी २०२१ मध्ये खारघर येथे वातावरण फाउंडेशनने पांढऱ्या फुप्फुसांची मोठी प्रतिकृती रस्त्याकडेला उभारली होती. ती सुमारे दहा दिवसांत काळी पडली. अर्थात त्यात वाहनांचा, बांधकामांचा आणि दगडखाणींचाही वाटा होता. सगळा दोष धुरांड्यांवर टाकून चालणार नाही. पण कुजलेल्या अंड्यासारखा उग्र वास वाहनांतून येत नाही.

वास आल्यास प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार करता येते. अधिकारी पोहोचेपर्यंत वास विरलेला असतो, म्हणून तक्रारीत दिनांक, नेमकी वेळ, वाऱ्याची दिशा आणि वास किती वेळ टिकला, हे लिहावे. एकाच इमारतीतील दहा कुटुंबांनी महिनाभर ठेवलेली अशी नोंदवही एकट्याच्या दहा दूरध्वनींपेक्षा अधिक वजनदार ठरते. पोच घेण्यास विसरू नये.