मँड्रेकचं सोंग

दक्षिण इंग्लंडमध्ये शेतांच्या झुडुपी कुंपणांवर ब्रायोनीची वेल चढते. काकडी-भोपळ्याच्या कुळातली तिथली मूळची रानवेल ही एवढीच. आपल्या करटोलीप्रमाणे तिच्यातही नर वेल वेगळी, मादी वेगळी, आणि जमिनीखाली कंद. करटोली भाजी म्हणून बाजारात येते. ब्रायोनीची लाल फळं मात्र विषारी आणि कंद जहाल रेचक. तरीही सोळाव्या शतकात तिचा कंद खपत होता, तो दुसऱ्याच वनस्पतीच्या नावावर.

ती वनस्पती म्हणजे मँड्रेक. वांग्याच्या कुळातली, भूमध्य समुद्राकाठची. तिच्या दुभंगलेल्या मुळात लोकांना माणूस दिसे. उपटताना ती किंकाळी फोडते आणि ऐकणारा मरतो, म्हणून ती कुत्र्याला बांधून उपटावी, असं सांगत. बायबलमधली राहेल मँड्रेकसाठी सख्ख्या बहिणीशी सौदा करते. त्यामुळे मूल होण्यासाठी मँड्रेक हवा, हा समज पक्का झाला. इंग्लंडच्या रानात मात्र मँड्रेक उगवत नसे. ब्रायोनी कुंपणाकुंपणाला फुकट होती, म्हणून तिचाच कंद माणसासारखा कोरून मँड्रेक म्हणून विकला जाई.

ही लबाडी इंग्लंडपुरती नव्हती. इटालियन वैद्य मॅटिओली याने रोममध्ये एका भोंदूवर उपचार केले, तेव्हा त्या भोंदूनेच आपली कृती सांगून टाकली. ताजं मूळ माणसाच्या आकारात कोरायचं, केसांच्या जागी जवाचे किंवा बाजरीसारखे दाणे खोचायचे आणि वाळूत पुरायचं. दाण्यांना कोंब फुटले की ते कापून, तासून केस-दाढी तयार! हे बाहुले निपुत्रिक बायकांच्या गळ्यात मारले जात.

इंग्लंडमध्ये विल्यम टर्नरने पेट्यांमधून विकायला येणाऱ्या असल्या केसाळ बाहुल्यांचं बिंग फोडलं. 1597 मध्ये जॉन जेरार्डने आपल्या ‘हर्बल’मध्ये रोखठोक लिहिलं, की आपण आणि आपल्या नोकरांनी मँड्रेकची कितीतरी रोपं खणली, पुन्हा लावली, माणसाचा आकार एकदाही दिसला नाही. ब्रायोनी कोरणाऱ्यांना त्याने खाऊन-पिऊन रिकामटेकडे ठरवलं. त्याच ग्रंथात अस्सल ब्रायोनीचीही नवलाई आहे: राणीच्या शल्यवैद्याने त्याला दाखवलेला कंद वर्षाच्या मुलाएवढा होता, वजन अर्धा हंड्रेडवेट, म्हणजे सुमारे 25 किलो.

1646 मध्ये नॉर्विचचा डॉक्टर थॉमस ब्राउन याने लोकभ्रमांवरच्या ग्रंथात दाणे खोचण्याची कृती पुन्हा तपशीलवार छापली. लबाडी उघडी पाडायला निघालेल्या या मंडळींमुळेच त्या कारागिरीची नोंद टिकली. कोरणाऱ्यांनी स्वतः कशाला काही लिहून ठेवलं असतं? धंदा पुढेही चालला, उलट हात आणखी सफाईदार झाला. कोवळ्या कंदाभोवतीची माती अलगद काढून साचा बांधायचा, की उन्हाळा संपेतो कंदच माणसाचा आकार घेई. कोरल्याची खूणही उरत नसे.

पुढे होमिओपॅथीचा जनक हानेमान याने आपल्या औषधांत ब्रायोनीचीच काळ्या फळांची जात घेतली, तीही खऱ्या नावाने. महाराष्ट्रात आजही खोकल्या-तापावर ‘ब्रायोनिया’च्या साबुदाण्यासारख्या गोळ्या दिल्या जातात.