पूल बंद करण्यापूर्वी : वाहतुकीतील बदल आणि नागरिकांचे म्हणणे

जुना पूल पाडून त्याच जागी नवा बांधणे हे नव्या जागी पूल बांधण्याहून अवघड काम असते. बांधकाम चालू असताना जुनी वाट बंद होते आणि तिच्यावरची वाहतूक शेजारच्या रस्त्यांवर येऊन पडते. त्यामुळे पुलाची रचना हा अभियंत्यांचा विषय असला तरी तो कधी बंद करावा, वाहने कोठून वळवावीत आणि पादचाऱ्यांनी कोठून जावे हे प्रश्न परिसरातील रहिवाशांचेही असतात.

जालना जिल्ह्याला या प्रश्नाची जाण असणे स्वाभाविक आहे. कुंडलिका नदीमुळे जालना शहराचे जुना जालना आणि नवा जालना असे दोन भाग पडले आहेत. बाजार, शाळा, रुग्णालये व कार्यालये यांसाठी दोन्ही काठांवरील लोकांची रोजची ये-जा पुलांवरूनच होते. जिल्ह्याच्या दक्षिणेस गोदावरी ही बीड जिल्ह्याशी असलेली सीमा असून शहागड येथील पूल सोलापूर-धुळे मार्गावरील वाहतूक वाहून नेतो. शहरात एक पूल बंद झाला तर दुसऱ्यावर ताण येतो. मोठ्या नदीवरचा पूल बंद झाला तर कित्येक किलोमीटरचा वळसा पडतो.

कायदेशीर चौकट

पुलावरील वाहतूक बंद वा मर्यादित करण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्ये आहे. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप या कारणांसाठी असा निर्बंध घालता येतो. निर्बंध एका महिन्याहून अधिक काळ राहणार असेल तर राजपत्रात अधिसूचना आवश्यक असते. त्याहून कमी मुदतीसाठी स्थानिक प्रसिद्धी पुरेशी ठरते. कामाच्या ठिकाणचे फलक, अडथळे, दिवे आणि वळणरस्ते कसे असावेत, याविषयी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. मात्र प्रसिद्धी म्हणजे विचारविनिमय नव्हे. अधिसूचना निर्णय कळवते. हरकती व सूचना मागविल्या तर निर्णय होण्यापूर्वी नागरिकांना बोलता येते.

शीव आणि प्रभादेवीचा अनुभव

हा फरक मुंबईतील दोन रेल्वे पुलांच्या बाबतीत स्पष्ट दिसला. १९१२ मध्ये बांधलेला शीवचा पूल धोकादायक ठरला होता. शिवाय मध्य रेल्वेच्या नव्या मार्गिकांसाठी तो बदलणे भाग होते. जानेवारी २०२४ मध्ये तो बंद करण्याचे ठरले, पण स्थानिकांच्या विरोधामुळे ते पुढे ढकलले गेले. त्यानंतर दहावी-बारावीच्या परीक्षा आणि मग लोकसभेची निवडणूक ही कारणे आली. अखेर १ ऑगस्ट २०२४ पासून पूल बंद झाला. परीक्षांचे वेळापत्रक आधीच ठाऊक असते. आरंभीच शाळांशी बोलणे झाले, तर असा अडथळा टाळता येतो.

प्रभादेवी येथील एल्फिन्स्टन पुलाच्या जागी शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी दुमजली पूल बांधण्याचे ठरले. एप्रिल २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांनी नागरिकांकडून सूचना व हरकती मागविल्या. रहिवाशांचा मुख्य आक्षेप वाहतुकीबाबत नव्हताच. प्रकल्पात बाधित होणाऱ्या इमारतींतील कुटुंबांचे पुनर्वसन त्याच परिसरात व्हावे, ही त्यांची मागणी होती. त्या महिनाअखेरीस पूल बंद करण्याचा प्रयत्न विरोधामुळे थांबला आणि प्रत्यक्षात तो १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झाला. परळमधील मोठ्या रुग्णालयांकडे जाणाऱ्या वाहनांना टिळक पूल व करी रोड पूल यांचा आधार घ्यावा लागला. अरुंद करी रोड पुलासाठी दिवसाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या दिशांनी एकेरी वाहतूक योजण्यात आली.

विलंबाचीही किंमत

विचारविनिमय म्हणजे काम अनिश्चित काळ लांबविणे नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह त्यावरील वाहने नदीत कोसळली. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, पण गेलेले जीव परत आले नाहीत. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. धोकादायक पूल बंद व्हायलाच हवा. तो बंद करावा की नाही हा चर्चेचा विषय नाही, कसा बंद करावा हा आहे.

बैठकीत काय विचारावे

पूल बदलण्यापूर्वीच्या बैठकीत काही बाबींची स्पष्ट उत्तरे मिळायला हवीत. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनांचा मार्ग कोणता? पायी व सायकलवर जाणाऱ्यांसाठी तात्पुरती वाट आहे का? एसटीचे थांबे कोठे हलतील? बाजार समितीकडे शेतमाल नेणाऱ्या वाहनांना कोणत्या वेळी मुभा असेल? जड वाहने वळविली जाणार असतील तर तो रस्ता व त्यावरील मोऱ्या तेवढा भार पेलतील का? नदीपात्रातून काढलेला वळणरस्ता पावसाळ्यात वाहून गेल्यास पर्याय काय?

वळणरस्त्याला लागून असलेल्या गावांना व वस्त्यांनाही बोलावणे आवश्यक आहे. पुलाचा रोजचा वापर ते करीत नसतील, परंतु धूळ, गोंगाट आणि अपघातांचा धोका त्यांच्याच दारात येतो. ग्रामीण भागात ग्रामसभा हे त्यासाठीचे घटनादत्त व्यासपीठ आहे.

कामाची मुदत जाहीर करताना पूल रेल्वेमार्गावर असल्यास जबाबदारीची विभागणीही सांगितली पाहिजे. साधारणपणे रुळांवरील भाग रेल्वेच्या देखरेखीखाली होतो, तर पोहोचरस्ते स्थानिक संस्था किंवा बांधकाम विभाग करतो. अंधेरीचा गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली झाली. तेव्हा नवा पूल आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत फरक असल्याचे उघड झाले. दोन्ही जोडून वाहतूक सुरू होण्यास जुलै २०२४ उजाडला. कोणता भाग कोणाकडे आणि दोन्ही भाग कोठे जुळणार, हा प्रश्न म्हणूनच आराखड्याच्या टप्प्यावर विचारलेला बरा.