सिगारची पेटी: हवानाची हवा परदेशात सांभाळण्याचा इतिहास

मंडळी, आजची वस्तू तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरात नसेल. तिचं नाव ह्युमिडॉर. सिगार ठेवायची लाकडी पेटी, जिच्यात हवेचा ओलावा ठरावीक पातळीवर राखलेला असतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकू. तंबाखूने कर्करोग होतो. सिगारचा धूर छातीत ओढला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा धोका राहतोच, आणि पेटी कितीही उत्तम असली तरी त्यात काडीचा फरक पडत नाही. मग या पेटीसाठी एक व्याख्यान कशाला? कारण एखादा नियम कुठे जन्मतो, आणि तो उचलून दुसऱ्या मुलखात नेला की त्याचं काय होतं, हे या पेटीइतकं स्वच्छ फार थोड्या वस्तूंत दिसतं.

सुरुवात क्यूबापासून करू. १४९२ च्या नोव्हेंबरात कोलंबसाने रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोरेस या दोघांना बेटाच्या आतल्या भागात पाठवलं. गुंडाळलेली पानं पेटवून धूर ओढणारी माणसं त्यांनी तिथे पाहिली. पुढे स्पेनने तंबाखूवर सरकारी मक्तेदारी बसवली. ती क्यूबात १७१७ ते १८१७, अशी शंभर वर्षं टिकली. ती उठली, आणि हवानात कारखान्यांची रांग लागली.

या कारखान्यांतला कामगार दिवसभर बाकावर बसून पानं वळायचा. १८६५ साली हवानातल्या एका कारखान्यात कामगारांना मोठ्याने वाचून दाखवणारा वाचक नेमण्याची पद्धत सुरू झाली. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, राजकीय लेख, सगळं तो वाचायचा, आणि त्याचा पगार कामगारच आपल्या कमाईतून भागवायचे. पुढच्याच वर्षी स्पॅनिश सत्तेने त्यावर बंदी घातली. पण प्रथा मेली नाही. १९३५ साली सुरू झालेल्या ‘माँटेक्रिस्टो’ या सिगारला नाव मिळालं ते कामगारांच्या आवडत्या ड्यूमाच्या कादंबरीवरून.

आता मुद्द्याची गोष्ट बघा. या कामगाराला ह्युमिडॉर लागत नव्हता. हवानाची हवाच वर्षाचा बराच काळ दमट असते. तंबाखूचं पान हवेतला ओलावा घेतं आणि हवेला परत देतं, तिथे ही देवघेव आपोआप जुळलेली असते. पेटीची गरज भासली ती सिगार समुद्र ओलांडून थंड देशांत गेली तेव्हा. लंडनच्या किंवा जिनिव्हाच्या हिवाळ्यात बाहेरच्या गार हवेत पाण्याचा अंश मुळातच थोडा असतो. तीच हवा खोलीत घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता पार खाली येते. अशा खोलीत सिगार काही दिवसांत कोरडी पडते, वरचं पान तडकतं, सुगंधी तेलं उडून जातात, आणि पेटवली तर ती भरभर आणि कडक जळते.

म्हणजे ह्युमिडॉर ही उत्पादकाची वस्तू नव्हे. ती दूरच्या गिऱ्हाइकाची वस्तू आहे. आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान काढलं. मोठी गिऱ्हाइकं आपला साठा अशा दुकानांच्या दमट खोल्यांत ठेवू लागली. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन बॉम्बफेकीत हे दुकान उद्ध्वस्त झालं, तेव्हा दुकानाच्या व्यवस्थापकाने भल्या पहाटे चर्चिलना फोन करून ‘तुमच्या सिगार सुखरूप आहेत’ असं कळवलं, अशी गोष्ट सांगतात. जिनिव्हात झिनो डेव्हिडॉफने दुकानाच्या तळघरातच ओलावा राखण्याची व्यवस्था केली. दोघंही एकच करत होते: हवानाची हवा विकत आणता येत नाही, म्हणून तिची नक्कल तयार करत होते.

नक्कल करायची तर मोजमाप हवं. ते जिनिव्हाच्याच एका शास्त्रज्ञाने आधी देऊन ठेवलं होतं. ओरास-बेनेदिक्त दे सोस्यूरने १७८३ साली माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचं वर्णन प्रसिद्ध केलं. केस ओलाव्याने लांबतो, कोरडेपणाने आखडतो. काटा त्या हालचालीवर फिरतो. ह्युमिडॉरच्या झाकणावरची गोल तबकडी या कल्पनेचीच वंशज.

हा काटा खरं सांगतो का, हे तपासायची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, हे आपण सगळे बघतो. शुद्ध मिठाच्या बाबतीत ही सीमा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला येते. म्हणून चमचाभर मिठात थेंब थेंब पाणी घालून त्याचा ओलसर गोळा करायचा, तो आणि आर्द्रतामापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात एक दिवस ठेवायचा. काटा ७५ वर आला तर यंत्र बरोबर. ७१ दाखवत असेल तर ते चार अंशांनी कमी दाखवतं, एवढं लक्षात ठेवायचं.

आता लाकूड. पेटीला आतून जे अस्तर असतं त्याला ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात. गंमत अशी की ते स्पॅनिशही नाही आणि खरा सीडरही नाही. हा अमेरिका खंडातला ‘सेड्रेला ओडोराटा’ नावाचा वृक्ष. महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातला. आपल्याकडचा तून किंवा तुणी हा त्याचा जवळचा भाऊबंद. वनस्पतिशास्त्रज्ञ एकेकाळी त्यालाही सेड्रेलाच म्हणत. हे लाकूड ओलावा शोषतं, सावकाश परत देतं, आणि त्याचा वास तंबाखूशी जुळतो. फार तोड झाल्यामुळे २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचं नियंत्रण कडक करण्याचं ठरलं.

पेटी निवडताना म्हणूनच बाहेरची चकाकी शेवटी बघावी. आधी आतलं लाकूड बिनपॉलिशचं आहे ना, ते बघावं. मग झाकण. कागदाची पट्टी कडेत धरून झाकण लावावं. पट्टी सहज निघून आली तर हवाही तशीच निघून जाणार. आणि पेटी गरजेपेक्षा थोडी मोठी घ्यावी, कारण ठासून भरलेल्या पेटीत हवा खेळत नाही.

नवी पेटी लगेच भरायची नाही. नवा माठ आपण आधी पाण्याने तृप्त करतो, तसंच हे. कोरडं लाकूड सिगारमधलाच ओलावा ओढून घेईल. म्हणून रिकाम्या पेटीत ऊर्ध्वपातित पाण्याची वाटी ठेवून झाकण लावायचं आणि आठ-पंधरा दिवस धीर धरायचा. नळाचं पाणी नको. त्यातले क्षार स्पंजात साचतात. नंतर आतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २१ अंश राखायचं. तापमान २४-२५ च्या वर रेंगाळलं तर तंबाखूच्या भुंग्याची अंडी उबू शकतात, आणि त्याच्या अळ्या सिगारला टाचणीएवढी भोकं पाडतात. तशी भोकं दिसली तर सगळ्या सिगार हवाबंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस फ्रीजमध्ये, आणि त्यानंतरच पेटीत.

इथवर पुस्तकातलं झालं. आता ही पुस्तकं कुठे लिहिली गेली ते आठवा. बहुतेक थंड देशांत. म्हणून त्यांचा सगळा भर पेटीत पाणी घालण्यावर असतो. तोच सल्ला जुलैतल्या मुंबईत तंतोतंत पाळला तर काय होईल? बाहेरची हवाच ८० टक्क्यांच्या वर असते, दारं-खिडक्या फुगून बसलेल्या असतात. त्यात पेटीत स्पंज भिजवून ठेवला की सिगार फुगणार, पान उकलणार, बुरशी धरणार. तिथे पेटीचं काम नेमकं उलटं: ओलावा बाहेर रोखायचा. आणि मे महिन्यातल्या नागपुरात तीच पेटी पुन्हा जिनिव्हासारखी वागवावी लागेल. अलीकडे मिळणाऱ्या क्षारद्रावणाच्या पुड्या ओलावा देतातही आणि घेतातही, त्या मुंबईकराला जास्त उपयोगी. पण पुडीपेक्षा प्रश्न महत्त्वाचा: आपल्याकडच्या हवेत उणं काय आहे आणि जास्त काय आहे?

अंतर फक्त समुद्राचं नसतं, राजकारणही ते घालतं. १९६१ च्या जानेवारीत केनेडींच्या शपथविधीनिमित्त विनोदी नट मिल्टन बर्लने त्यांना एक ह्युमिडॉर भेट दिला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत केनेडींनी क्यूबाशी व्यापार बंद करण्याच्या आदेशावर सही केली. त्यांचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी नंतर सांगितलं, की सहीच्या आधी त्यांना क्यूबन सिगार गोळा करायला पिटाळलं होतं आणि त्यांनी बाराशे आणल्या. सामान्य अमेरिकन माणसासाठी मात्र हवाना एका सहीने दूर गेलं. १९९६ साली सदबीजच्या लिलावात तो ह्युमिडॉर ५,७४,५०० डॉलरना विकला गेला. जी वस्तू सांभाळण्यासाठी पेटी केली, ती केव्हाच जळून गेली होती. किंमत आली ती पेटीला आणि तिच्या मालकाच्या नावाला. ती सिगार वळणाऱ्या हाताचं नाव कुणी विचारलं नाही.

तर मंडळी, ६५ ते ७० हा आकडा बरोबर आहे, पण तो आकडा गाठायची रीत एका मुलखाच्या हिवाळ्यातून आली आहे. आपण कितीतरी नियम असेच बाहेरून आणून घरात मांडले आहेत, शिक्षणात, घरबांधणीत, खाण्यापिण्यात. त्यातला कुठला नियम आपल्या हवेत उलटा चालवावा लागेल, याचा विचार तुम्ही करून बघा. आता प्रश्न घेऊ.