बाळंतिणीची खोली आणि रक्तदाबाची नोंद

आमची एक माजी विद्यार्थिनी मुलुंडला राहते. एम.ए.ला असताना तिने मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांतील बाळंतपणाच्या प्रसंगांवर प्रबंधिका लिहिली होती. पुढे तिला स्वतःला दिवस गेले, तेव्हा मूल घरीच व्हावे असे तिने ठरवले. प्रशिक्षित सुईण ठरली, खोली ठरली, सासूबाईंची नाराजीही हळूहळू ओसरली. चौतिसाव्या आठवड्यात मात्र रक्तदाब १५०/९८ भरला. चार तासांनी पुन्हा मोजला तरी तो उतरला नव्हता, आणि लघवीत प्रथिने दिसली. त्या रात्री तिचा आम्हांला फोन आला. डॉक्टरांना विचारायचे ते तिने डॉक्टरांना विचारलेच होते. आम्हांला तिने विचारले, "मॅडम, आपल्या आज्या घरीच बाळंत झाल्या ना? मग माझाच बेत का मोडायचा?"

आम्ही दोघी मराठी शिकवतो. वैद्यकीय सल्ला देण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण 'आपल्या आज्या' हा युक्तिवाद इतिहासाचा आहे, आणि तो तपासणे आमच्या हद्दीत येते. पुढील मजकूर त्या फोनला दिलेले उत्तरच आहे, जरा सवडीने लिहिलेले.

आरंभ भाषेपासूनच करावा लागेल. बाळंत झालेल्या बाईविषयी आपण 'मोकळी झाली', 'सुखरूप सुटका झाली' असे म्हणतो. सुटका संकटातून होते, कैदेतून होते. कळा लांबल्या की बाई 'अडते'. मूल 'आडवे येते'. पायांकडून जन्मलेले मूल जगले तर ते आयुष्यभर 'पायाळू' म्हणून ओळखले जाते. त्याची लाथ कंबरदुखीवर उतारा मानली जाते आणि पावसाळ्यात विजेपासून त्याला जपले जाते. जगलेल्या मुलाला एवढे नाव मिळाले. बाळंतपणात मेलेल्या बाईला मिळाले ते 'अळवंत', म्हणजे एका भुताचे नाव. ज्या समाजाने या मृत्यूसाठी स्वतंत्र पिशाच्चयोनी कल्पिली, त्याला हा मृत्यू अनोळखी नव्हता. आज्यांच्या बाळंतपणाच्या गोष्टी आपल्याला गोड वाटतात, याचे एक कारण सांगणाऱ्या आज्या जगल्या होत्या, हे आहे. ज्या जगल्या नाहीत त्यांच्या जागी घरात दुसरी आली, आणि गोष्ट सांगायला कोणी उरले नाही.

तेव्हा अडलेल्या बाईचे काय करायचे, हा प्रश्न जुनाच आहे. सुश्रुतसंहितेत मूढगर्भावर स्वतंत्र विवेचन आहे. अडलेला गर्भ हाताने कसा वळवावा, आणि तो मृत असेल तर आईला वाचवण्यासाठी शस्त्राने कसा काढावा, हे तिथे सांगितले आहे. आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच एका सूचनेकडे जाते. वैद्याने हे कर्म करण्यापूर्वी 'अधिपती'ला विचारावे, असे संहिता सांगते. अधिपती म्हणजे राजा घ्या किंवा घरधनी घ्या. ती बाई नव्हे, एवढे निश्चित. वैद्याच्या बाजूने पाहता ही सूचना समंजस आहे, कारण जिवावरच्या कर्माचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी येऊ नये. पण कळांनी तळमळणाऱ्या बाईच्या वतीने बाहेर बसलेला कोणीतरी बोलतो, ही रीत किती जुनी आहे हे त्यातून कळते.

ती रीत प्रथम मोडली, असे म्हणायचे तर महाराष्ट्रात १८६३ या वर्षापाशी थांबावे लागते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्याप्रतिबंधक गृह सुरू केले. गरोदर राहिलेल्या ब्राह्मण विधवांना तिथे गुप्तपणे येऊन बाळंत होता येत असे. आपल्याकडे या घटनेचे स्मरण सामाजिक सुधारणेच्या अध्यायात केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण बाळंतपणाच्या इतिहासातही तिला जागा हवी. घर ही बाळंतिणीची सर्वांत सुरक्षित जागा, या समजुतीला हे गृह म्हणजे उघड उत्तर होते. घर त्या विधवेच्या आणि तिच्या मुलाच्या जिवावर उठत असे, म्हणून तिला दुसऱ्याच्या घरी जावे लागे. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई रुग्णसेवा करीत असताना त्यांच्या बरोबर होता.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सर्वांना ठाऊक असल्यामुळे तिच्यातला मुख्य प्रसंग बहुधा घाईने वाचला जातो. १८६५ साली जन्मलेल्या या मुलीचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. डॉक्टर होण्याच्या तिच्या निश्चयाचे मूळ या दहा दिवसांत आहे, असे चरित्रकार सांगत आले आहेत. १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात तिने हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे याची मांडणी केली, आणि त्याच वर्षी ती अमेरिकेस निघाली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना तिने प्रबंधासाठी विषय घेतला तो प्राचीन आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. म्हणजे परंपरा तिने टाकली नव्हती; ती नीट वाचली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, ती पुण्यात वारली. आम्हांला इथे एवढेच नोंदवायचे आहे, की चौदा वर्षांच्या त्या मुलीने घरी बाळंत होण्याचा 'बेत' केलेला नव्हता. तिच्यापुढे दुसरी वाटच नव्हती.

अर्थात रुग्णालय म्हणजे आपोआप सुरक्षितता, असेही त्या शतकात नव्हते. व्हिएन्नाच्या प्रसूतिरुग्णालयात दोन विभाग होते. वैद्यकाचे विद्यार्थी ज्या विभागात शिकत, तिथे सूतिकाज्वराने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण सुइणी शिकत त्या विभागाच्या कितीतरी पट होते. पहिल्या विभागात नेऊ नका, अशी विनवणी बायका करीत. शवविच्छेदन करून विद्यार्थी थेट बाळंतिणीकडे येत, हे सेमेलवाइसने १८४७ मध्ये ओळखले आणि त्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा तिथले मृत्यू घटले. तेव्हा बायकांची भीती अडाणीपणाची नव्हती. डॉक्टरांच्या आधी त्यांना खरे कळले होते. मुंबईत अडचण वेगळी होती. परक्या पुरुषाने तपासायचे, यापेक्षा मरण बरे, असे मानणारी घरे पुष्कळ होती. म्हणून जॉर्ज किट्रिज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांनी स्त्री-डॉक्टर आणण्यासाठी निधी उभारला. एडिथ पेची १८८३ मध्ये मुंबईस आल्या, आणि पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. रुग्णालयाने बायकांना बोलावले ते त्यांची अट मान्य करून, हे विसरू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या विद्यार्थिनीला जे चौतिसाव्या आठवड्यात कळले, ते आनंदीबाईंना कळणे शक्यच नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रीवा-रोची यांचे साधन १८९६ चे. त्याआधी गरोदर बाईचा वाढलेला रक्तदाब कोणालाही दिसत नसे, घरी नाही आणि रुग्णालयातही नाही. पायांवरची सूज गरोदरपणाचाच भाग मानली जाई. मग एकाएकी डोळे फिरत, दातखीळ बसे, झटके येत. घरातले म्हणत, बाधा झाली. आजीच्या काळात गुंतागुंत घडायची तेव्हाच कळायची. आज ती कित्येक आठवडे आधी कळते. ही तफावत आम्हांला फार मोठी वाटते. आजीने धोका पत्करून घर निवडले नव्हते. तिला धोक्याची वर्दीच मिळत नव्हती. वर्दी मिळाल्यानंतर घरी थांबणे हा परंपरेचा भाग कधीच नव्हता. तो आजचा निर्णय आहे, आणि त्याला आजीची साक्ष काढता येत नाही.

शिवाय वर्दीबरोबर उपायही आले. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो, हे दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीत २००२ मध्ये सिद्ध झाले. वारंवार गर्भ गळणाऱ्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाला टाका घालण्याची जी पद्धत जगभर 'शिरोडकर टाका' म्हणून ओळखली जाते, ती मुंबईच्याच डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ मध्ये मांडली. 'नशिबात नाही' या शब्दांनी मिटवल्या जाणाऱ्या एका दुःखाला तिने वैद्यकीय नाव आणि उपाय दिला.

उपनगरांतला बदल आमच्या डोळ्यांदेखतचा आहे. मुलुंड आणि बोरिवली बृहन्मुंबईत आली ती १९५७ साली. आमच्या आज्या कोकणात आणि देशावर बाजेवर बाळंत झाल्या. आमच्या आया महापालिकेच्या प्रसूतिगृहात. आम्ही दोघी दुकानांवरच्या मजल्यावरील नर्सिंग होममध्ये, आणि दोघींचीही पोटे चिरावी लागली. लागली की चिरली गेली, हे आम्हांला आजही नीट माहीत नाही. विचारायचे असते हेच तेव्हा सुचले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात संस्थेत होणारी बाळंतपणे २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्क्यांवर गेली, आणि या शेवटच्या पाहणीत शस्त्रक्रियेने झालेली बाळंतपणे २५.४ टक्के निघाली. घरी बाळंत व्हावे असे आज एखाद्या शिकल्या-सवरल्या मुलीला वाटते, ते या दुसऱ्या आकड्यामुळेही वाटते. तिची शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

मात्र याच शहरात दुसऱ्या कारणांनी घरी बाळंत होणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्याविषयी कोणी निबंध लिहीत नाही. शीवच्या रुग्णालयातील नवजात-तज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. तिच्या कामातून २००५ ते २००७ या काळात मुंबईच्या सहा विभागांतील ४८ झोपडवस्त्यांमधील जन्मांची नोंद झाली. अंधेरी पश्चिम आणि मालाडचे विभाग त्यांत होते. १०,७५४ जन्मांपैकी १,७०८ घरी झाले, म्हणजे १६ टक्के. कारणे विचारली तेव्हा सर्वाधिक बायकांनी दोन सांगितली: आमच्यात अशीच रीत आहे, आणि दवाखान्यात पोचायला वेळच मिळाला नाही. सुमारे सत्तर टक्के घरगुती बाळंतपणांत दाई हजर होती. रुग्णालयांनी गजबजलेल्या शहरात वेळ मिळत नाही, याचा अर्थ अंतराच्या मापात शोधून सापडणार नाही. घरात मुले कोणाकडे ठेवायची, रिक्षाचे पैसे कोणाकडे आहेत, नवरा पाळीवरून कधी येतो, यांत तो वेळ जातो. थॅडिअस आणि मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूमागचे तीन विलंब मांडले: निर्णयाचा, पोचण्याचा आणि पोचल्यावर उपचार मिळण्याचा. त्यांतला पहिला घराच्या उंबऱ्याच्या आत होतो. अधिपती तिथेच बसलेला असतो.

घरी बाळंत होणे जिथे आज व्यवस्थेचा भाग आहे, तिथे काय केले जाते, हेही आम्ही त्या मुलीला सांगितले. नेदरलँड्समध्ये सुईण कोणत्या लक्षणांवर बाईला प्रसूतितज्ज्ञाकडे सोपवील याची छापील यादी असते. यादी आधी, बेत नंतर. इंग्लंडमधील २०११ चा मोठा अभ्यास केवळ धोका कमी असलेल्या स्त्रियांचा होता. त्यातही घरी बेत केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना कळांच्या काळात किंवा बाळंत झाल्याबरोबर रुग्णालयात हलवावे लागले. त्यांच्या बाळांना गंभीर अपाय होण्याचे प्रमाण हजारी ९.३ होते, तर रुग्णालयात बेत केलेल्यांत ५.३. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत असा फरक दिसला नाही. आमची विद्यार्थिनी पहिलटकरीण होती आणि कमी धोक्याच्या यादीतून ती बाहेर पडली होती. घराच्या बाजूने बोलणारा तो अभ्यासही तिच्याविषयी बोलत नव्हता.

मग आम्ही तिला विचारले, की घरात तुला नेमके काय हवे होते? तिने सांगितलेल्या गोष्टींत भिंती कुठेच नव्हत्या. आई जवळ हवी. उताणे निजायची सक्ती नको. काय चालले आहे ते कोणीतरी मराठीत सांगावे. विचारल्यावाचून चिरू नये. बाळंतिणीच्या जुन्या खोलीतून घ्यावे असे जे होते ते बहुतेक यात आले. तिने आपल्या सुइणीलाही विचारले. प्रथिने दिसल्याबरोबर घरचा बेत आपण सोडून दिला होता, आता रुग्णालय शोधू या, असे सुईण म्हणाली. चांगल्या सुइणीचे हेच लक्षण, असे आम्ही मानतो.

पहिल्या रुग्णालयाने आईला आत येऊ देण्यास नकार दिला. दुसरे, घरापासून दहा मिनिटांवरचे, कबूल झाले. सदतिसाव्या आठवड्यात औषधाने कळा आणायचे ठरले. दाखल होताना संमतिपत्र पुढे आले, त्यावर नवऱ्याच्या सहीची जागा ठळक होती. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिची स्वतःचीच हवी, आईने दिलेली चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात दिला आहे. तो तिला ठाऊक होता. तिने कागद दोनदा वाचला, तीन प्रश्न विचारले आणि सही केली. नवऱ्यानेही खाली केली.

मुलगी झाली, दोन किलो चारशे ग्रॅम. पोट चिरावे लागले नाही. चौथ्या दिवशी ती घरी आली. पाचवीला संध्याकाळी सुईण आली, तेव्हा पाटावर सटवाईची पूजा मांडून झाली होती. कोरा कागद आणि लेखणीही ठेवली होती. सुइणीने आधी पट्टा काढून बाळंतिणीच्या दंडाला बांधला. रक्तदाब १५२/१०० भरला. तिथूनच डॉक्टरांना फोन गेला आणि गोळीची मात्रा त्याच रात्री वाढवली गेली.